धूळ, पाणी आणि केरसुणी



दसरा सरला की वाशीम जिल्ह्यात दोन कामे एकदमच अंगावर येतात. शिवारात सोयाबीनची मळणी आणि घरात दिवाळीची साफसफाई! मळणीयंत्रातून उडालेला भुसा आणि काळ्या रानातील बारीक माती वाऱ्यासरशी गावात शिरते. सकाळी लख्ख पुसलेले देवघर दिवेलागणीला पुन्हा धुरकट दिसू लागते. पुढे चैत्र-वैशाखात वावटळी उठतात, तेव्हा तर धूळ उदंड आणि पाणी बेताचे. रिसोड असो की मानोरा, अर्ध्या बादलीत घर स्वच्छ कसे ठेवावे, हा तेथील गृहिणीचा खरा प्रश्न आहे.

आपल्या पूर्वजांनी सडा-सारवणाची प्रथा घातली ती केवळ शोभेसाठी नव्हे. मातीची जमीन सुकली की तिचीच धूळ होते. शेणातील गवताचे तंतू माती धरून ठेवतात, भेगा पडू देत नाहीत. अंगणात आधी सडा शिंपडून धूळ बसवायची आणि मग खराटा फिरवायचा, हा क्रमही विचारपूर्वक ठरलेला आहे. कोरड्या अंगणात खराटा मारला, तर धूळ एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसते आणि मधल्या वेळेत झाडणाऱ्या माउलीच्या छातीत जाते. घरोघरी सकाळी ऐकू येणारा तो खोकला आपण ऋतुमानावर ढकलून मोकळे होतो!

तथापि जुने ते सारेच्या सारे आजच्या घराला लागू पडेल, असा आग्रह धरू नये. फरशीवर शेण सारवण्यात अर्थ नाही. सड्यामागील तत्त्व मात्र तेथेही चालते. पंखा बंद करावा, जळमटांपासून आरंभ करून खाली यावे आणि जुन्या लुगड्याचे किंवा धोतराचे सुती फडके भिजवून, घट्ट पिळून फिरवावे. ओलसर फडके धूळ उचलते, कोरडे फडके ती उडवते. दुपारी वारा सुटण्यापूर्वी वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या, तर निम्मे काम आधीच वाचते.

फरशी चमकावी म्हणून अनेक घरांत ॲसिड ओतले जाते. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड. ॲसिड पडताच जो फेस येतो तो मळ निघाल्याचा नसून दगड विरघळल्याचा असतो. मग त्या खडबडीत पृष्ठभागात धूळ अधिकच रुतते. म्हणून अशा फरशीवर लिंबू किंवा व्हिनेगरसुद्धा वापरू नये. चिंच-लिंबाची जागा तांब्या-पितळेच्या भांड्यांवर. आणि ब्लीचिंग पावडर व ॲसिड यांचा संगम तर कधीही होऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

घर पुसलेले पाणी तुळशीला नको, पण अंगणातल्या एखाद्या झाडाला तरी घालता यावे, ही कसोटी लावून पाहावी. ॲसिड आणि फिनाईल तेथेच नापास होतात. धुण्याचा सोडा निरुपद्रवी वाटतो. परंतु त्यातील सोडियम वर्षानुवर्षे काळ्या मातीत मुरले की जमीन चोपण होते. शेजारच्या अकोला-अमरावतीकडील खारपाण पट्ट्यातील शेतकऱ्याला चोपण जमीन म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. रिठ्याचे पाणी या कसोटीला बऱ्यापैकी उतरते. रिठे रात्री भिजवून सकाळी उकळावेत. त्याच पाण्यात फडकीही निघतात.

याच वऱ्हाडाने देशाला गाडगेबाबा दिले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 साली जन्मलेले डेबूजी गावात शिरले की आधी हाती खराटा घेत, आणि कीर्तन रात्री. त्यांच्या नावाने राज्यात 2000-01 पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. दिवसा रस्ते झाडणारा हा संत रात्री कीर्तनात शिवाशिवीवरही तितक्याच कठोरपणे खराटा फिरवीत असे, हे त्यांचे नाव घेताना विसरले जाते.

लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीस हळदकुंकू वाहतो. ती शिंदीच्या पात्यांची केरसुणी परंपरेने मातंग समाजाने बांधली. तिची पूजा देवघरात आणि ती बांधणारे हात मात्र पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर, ही विसंगती हिंदू समाजाने स्वतःशी कबूल केली पाहिजे. आता प्लास्टिकच्या झाडूने त्या हातांचे कामही हिरावत आणले आहे. धनत्रयोदशीच्या बाजारात रस्त्याकडेला केरसुण्या मांडून बसलेली बाई अजून दिसते. तिच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारे आपल्यातीलच असतात.