शेताच्या वहीत आपली हजेरी
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)

तायांनो, गटाच्या वहीत आपण दहा रुपयांचा दंडही लिहितो. मग सोयाबीनची वही कुठंय? ती मालकांच्या डोक्यात. खत किती, फवारणी किती, ट्रॅक्टरवाल्याला किती, एवढं तिथं असतं. आपली खुरपणी नसते.

समजा, एकरी सहा क्विंटल झालं आणि ४,२०० नं गेलं. आले २५,२०० रुपये. बियाणं, खत, औषध, पाळी, पेरणी, सोंगणी, मळणी मिळून रोख गेले १८,०००. घरात म्हणतात, सात हजार दोनशे सुटले. आता घरच्यांचे रानातले वीस दिवस धरा. दुसऱ्याच्या रानात ३०० रुपये रोज घेता ना? झाले सहा हजार. उरले बाराशे. कर्जाचं व्याज तर अजून धरलंच नाही!

हे माझ्या मनातलं नाही बरं का. केंद्र सरकार हमीभाव ठरवताना घरच्यांची मजुरी खर्चात धरतं. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. तो पदरात पडला तर!

वही लिहून भाव वाढत नाही, खरंय. पण पुढच्या साली त्या एकरात काय पेरायचं, सोंगणी उक्ती द्यायची का, गटातून कर्ज किती उचलायचं, हे घरात बोलताना आपल्या हातात आकडा असतो. या पेरणीपासूनच लिहा. रानातून आलात की त्याच रात्री तारीख, काम, किती जणी होत्या. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा, ती लिहील.