कृपया हात लावावा



संग्रहालयात शिरलं की पहिली गाठ पडते ती पाटीशी. 'वस्तूंना हात लावू नये.' हल्ली त्याच दालनात एखादा पडदाही असतो आणि त्याच्यावर लिहिलेलं असतं, 'येथे स्पर्श करा'. मुलं कुठल्या पाटीकडे धावतात हे सांगायला नकोच. त्यामुळे सिंधुदुर्गातल्या बांद्यासारख्या गावात एखाद्या वाचनालयाला, शाळेला किंवा देवस्थानाला आपल्याकडच्या जुन्या वस्तूंची एक खोली मांडावीशी वाटली, की बैठकीत हटकून विषय निघतो: टचस्क्रीन केवढ्याला पडेल? माझं म्हणणं, हा विषय सगळ्यात शेवटी काढावा.

आधी ठरवायचं ते हे, की काचेच्या कपाटाला जमत नाही असं कुठलं काम या पडद्याकडून करून घ्यायचंय. सावंतवाडीच्या गंजिफाचे पत्ते घ्या. दशावतारी गंजिफात १२० गोल पानं. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. लहानशा कपाटात ही सगळी पानं मांडायची तर ती दाटीवाटीनं बसणार आणि मत्स्याच्या शेपटीवरचं बारीक काम कुणाला दिसणारही नाही. तेच पान पडद्यावर बोटानं मोठं करून बघता आलं, तर पडद्याचा पैसा वसूल झाला. चित्रकथीच्या पोथीचंही तेच. पोथीतलं चित्र एका वेळी एकच दिसतं आणि जुना कागद रोज उलटणं त्याच्या जिवावर बेततं. मूळ चित्र कपाटात राहू द्यावं आणि उलटायला पडद्यावरची प्रत द्यावी.

पण हीच चित्रकथी बघायला कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. ज्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांच्या घराण्यानं गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आहे. तिथे चित्र पुढे धरून कथा गाणारा माणूस समोर असतो, कळसूत्री बाहुल्या त्याच्या हातात नाचतात. अशा ठिकाणी पडदा नसला तरी काही अडत नाही. सांगणारा माणूस रोज हजर राहू शकत नाही, तिथेच पडदा लावावा.

आता वस्तूकडे येऊ. बाजारात ढोबळमानानं दोन जाती मिळतात. एक आपल्या मोबाइलसारखी. बोटाच्या स्पर्शानं काचेवरच्या विद्युतभारात फरक पडतो आणि तो यंत्राला कळतो. दुसरी मोठ्या पडद्यांची. चौकटीच्या आतल्या कडेनं अदृश्य अवरक्त किरणांचं जाळं असतं, त्यात बोट आडवं आलं की यंत्राला जागा समजते. ही दुसरी जात मोठ्या आकारात स्वस्त पडते, म्हणून विक्रेते तिचा आग्रह धरतात. पण या जाळ्याला बोट आणि किडा यांतला फरक कळत नाही. मिरगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्यावर पाखरं झेपावतात, ती कशी, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. चौकटीत चार पाखरं बसली की पडदा आपणच पानं उलटायला लागतो. मोबाइलच्या जातीला पाखरांचं फारसं भय नाही, तिला वावडं आहे ते ओल्या बोटांचं. काचेवर पाण्याचे थेंब असले की ती गोंधळते. त्यावर उपाय म्हणजे शेजारी खुंटीला टांगलेला एक पंचा. माझं मत या जातीलाच.

आकाराचं म्हणाल, तर दहा इंची टॅब दहा ते पंधरा हजारांत येतो. शाळांमधून दिसणारं पासष्ट इंची पॅनेल लाखाच्या घरात जातं. विजेचा हिशेब करा. टॅबला दहा वॉट धरले, तर रोज आठ तासांप्रमाणे तीनशे दिवसांत २४ युनिट होतात. पॅनेलला दोनशे वॉट धरले, तर तेवढ्याच वेळात ४८०. शिवाय बांद्याला एक गोष्ट विसरून चालत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यात तेरेखोल नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं. पाणी चढायला लागलं की टॅब काखोटीला मारून माळ्यावर नेता येतो. पासष्ट इंची पॅनेल भिंतीवरून उतरवायला चार माणसं लागतात, आणि ती चारही माणसं त्या वेळी आपापल्या दुकानातला माल वर चढवत असतात. प्लगचा बोर्डही जमिनीलगत नको, छातीच्या उंचीवर घ्या.

पेटी गावच्या सुताराकडून करून घ्यावी. पाठीला हवेची भोकं ठेवायला सांगा, नाहीतर आतली उष्णता बाहेर पडत नाही. पडद्याचा मध्य जमिनीपासून साधारण मीटरभर उंच ठेवला, तर लहान मुलाला आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही तो पुरतो. टॅब रात्रंदिवस चार्जिंगला राहिला तर आतली बॅटरी फुगू शकते. म्हणून टायमर लावून रात्रीचा पुरवठा तोडावा. अँड्रॉइडमध्ये पडदा एकाच ॲपवर बांधून ठेवायची सोय २०१४ पासून आहे. ती चालू केली की कुणी मूल त्यात गाण्याचे व्हिडिओ लावून बसत नाही.

आतला मजकूर इंटरनेटवर अवलंबून ठेवू नका. जोराच्या पावसात लाइट जाते आणि तिच्या मागोमाग नेटही जातं. चित्रं, आवाज, मजकूर सगळं टॅबमध्येच साठवा. बटण बोटाहून मोठं, दोन सेंटिमीटरचं तरी हवं. मिनिटभर कुणी हात लावला नाही तर पडद्यानं आपोआप पहिल्या पानावर यावं. आणि काम करून देणाऱ्याकडून मूळ चित्रं, ध्वनिफिती, मजकूर साध्या स्वरूपात पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. यंत्र पाच-सात वर्षांत म्हातारं होतं. बांद्याच्या रेडे घुमटाबद्दल किंवा आदिलशाहीतल्या बांद्याबद्दल जाणत्या माणसानं सांगून ठेवलेलं त्याच्याबरोबर जायला नको.

सगळ्यात महाग पडतो तो बंद पडदा. काळ्या काचेवर चिकटवलेला 'मशीन बंद आसा' असा कागद बऱ्याच ठिकाणी बघायला मिळतो. बहुतेक वेळा बिघाड किरकोळ असतो, पण तो बघायचा कुणी, हेच ठरलेलं नसतं. तेव्हा खरेदीच्या ठरावातच दोन नावं घाला. सकाळी चालू कोण करणार आणि बिघडलं तर दुरुस्तीला कोण नेणार. ही नावं मिळत नसतील तर तेवढ्याच पैशात चांगले छापील फलक करा आणि कोपऱ्यात क्यूआर कोड लावा, लोक आपापल्या मोबाइलवर कथा ऐकतील.

नावं मिळाली, तर खरेदीआधी एक करून बघा. पडद्यावरची सगळी पानं पुठ्ठ्यावर हातानं काढा आणि चौथीतल्या एखाद्या मुलीपुढे ठेवा. ती कुठे बोट लावते, कुठे थांबते आणि कुठे कंटाळते ते न बोलता बघा. जिथे अडेल तिथला मजकूर बदला. ती न विचारता शेवटच्या पानापर्यंत पोचली, की मग दुकानात जा.