दूरशिक्षण आणि आपलें घर
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आजच्या विषयाचें नांव ऐकूनच कित्येकांनीं नाकें मुरडलीं असतील. दूरशिक्षण! शाळा दूर, मास्तर दूर, मग विद्या तेवढी जवळ कशी येणार? हा तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देण्यासाठींच आम्ही येथें उभे आहों.

पहिली गोष्ट ही कीं, दूरशिक्षण म्हणजे गुरूवांचून शिक्षण नव्हे. गुरु असतोच, तो फक्त डोळ्यांपुढें नसतो. त्याचें शिकवणें पुस्तकांतून, टपालांतून, रेडिओवरून आणि आतां हातांतल्या मोबाईलवरून येतें. ही कांहीं कालची टूम नाहीं. इ. स. १८४० मध्यें इंग्लंडांत एका पेनींत पत्र देशभर जाऊं लागलें. त्याच सालीं आयझॅक पिटमन नांवाचे गृहस्थ टपालानें लघुलेखन शिकवूं लागले. ते धडा धाडीत. शिकणारा तो गिरवून परत पाठवी. आणि चुका दुरुस्त केलेला कागद पुन्हां त्याच्या घरीं येई. मंडळी, सगळें मर्म या तिसऱ्या फेरींत आहे. सुताराच्या पोराच्या हातीं रंधा दिला म्हणजे तो सुतार होत नाहीं. फळी वांकडी निघाली कीं बाप म्हणतो, "पुन्हां मार," तेव्हां तो सुतार होतो. नुसतीं पुस्तकें धाडून गप्प बसणारी संस्था रंधा देते, पण फळी पाहत नाहीं. तिला शिक्षणसंस्था कशी म्हणावी?

आतां हें शिक्षण कोणासाठीं निघालें तें पहा. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठास १९६९ सालीं सनद मिळाली व १९७१ मध्यें तेथें शिकवणें सुरू झालें. तें उभारण्यांत जेनी ली या मंत्रीणबाईंचा वाटा फार मोठा. ही बाई कोळशाच्या खाणींतील मजुराची मुलगी. पूर्वीच्या परीक्षेचा दाखला नाहीं म्हणून कोणास परत धाडावयाचें नाहीं, असा तेथें नियम. पण गरिबांसाठीं म्हणून हलकी पदवी काढूं, हें मात्र बाईंस मुळींच मान्य नव्हतें. दार रुंद केलें, माप कमी केलें नाहीं.

आपल्या देशांत दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं पत्रद्वारा शिक्षण सुरू केलें. १९८२ मध्यें आंध्र प्रदेशांत पहिलें मुक्त विद्यापीठ निघालें. त्यास पुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव दिलें गेलें. १९८५ मध्यें इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आलें, आणि १९८९ मध्यें नाशिकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. त्याचें ब्रीदच 'ज्ञानगंगा घरोघरी' असें आहे. गंगा दारीं आली; पण घागर पालथी असेल तर ती भरणार कशी? म्हणून हें शिक्षण कशानें सफळ होतें, तें सांगतों.

एक, पुस्तक बोलतें असावें. स्वीडनचे बोर्ये होल्मबर्ग या विद्वानांनीं आपलें सारें म्हणणें या एका गोष्टीवर उभें केलें कीं, दुरून शिकवणाराचें लिखाण हें शिकणाराशीं केलेलें संभाषण असावें. मध्येंच प्रश्न विचारावा, उत्तर करून पहावयास लावावें, धीर द्यावा.

दुसरें, विचारल्यास उत्तर मिळालें पाहिजे. अमेरिकेंत शिकवलेले मायकेल मूर म्हणतात कीं, या शिक्षणांतलें खरें अंतर मैलांचें नसून समजुतीचें आहे. तें संभाषणानें कमी होतें. आमच्या गांवांतल्या शाळेंत शेवटच्या बाकावर बसलेलें, वर्षभर कोणीं एक शब्द न विचारलेलें पोर मास्तरांपासून चार हातांवर असूनही शंभर कोस दूर असतें. म्हणून गृहपाठ लिहून धाडा, तपासून आल्यावर शेरे वाचा, अभ्यासकेंद्रांत बोलावतील त्या दिवशीं जा आणि अडलेलें विचारा. विचारण्याची लाज धरूं नका.

तिसरें, घरानें तास दिला पाहिजे. आम्हांस सर्वांत जास्त बोलावयाचें आहे तें यावर. आपल्याकडे ज्यांची शाळा सुटली ती कशासाठीं सुटली? कोणाची नांगरासाठीं, कोणाची भात्यासाठीं, कोणा मुलीची धाकट्या भावंडांसाठीं. ज्या घरानें तिच्या हातून पाटी घेतली, त्या घरावर तिचें कांहीं देणें नाहीं काय? आज सून पुस्तक उघडून बसली कीं नेमकें त्याच वेळीं सासूबाईंस दळण आठवतें. पोरगा वही काढतो तोंच बाप हांक मारतो, "बैल सोड." फी भरलेली असते, पुस्तकें कोनाड्यांत पडून राहतात, परीक्षा हुकते, आणि मग तीच सून, तोच पोरगा म्हणतो, "आपल्याला डोकेंच नाहीं." हें साफ खोटें आहे! डोकें कमी पडलें नाहीं, तास कमी पडला. वर्गांतल्या मुलास शाळेची घंटा वेळ देते. घरीं शिकणारास ती वेळ घरच्यांनींच द्यावी लागते. तेव्हां पहाटे धारा काढण्यापूर्वीं असो कीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर असो, एक तास ठरवा आणि तो मोडूं नका. सुगी कोणासाठीं थांबत नाहीं व परीक्षाही थांबत नाहीं. म्हणून अवघड भाग कापणीच्या आधीं उरकून घ्या. गांवांत दोघे-तिघे शिकणारे असतील तर एका दिव्याखालीं बसा. एकट्याचा धीर लवकर सुटतो.

आणखी एक इशारा. दूरशिक्षणाच्या नांवावर दुकानें मांडणारेही आहेत. "परीक्षा नको, पैसे द्या, पदवी घ्या," असें म्हणणारास उंबऱ्याबाहेरूनच रामराम करा. प्रवेशापूर्वीं विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता त्या संस्थेस आणि त्याच अभ्यासक्रमास आहे कीं नाहीं, हें आयोगाच्या यादींत पाहून घ्या. वैद्यक, अभियांत्रिकी, परिचारिकेचें काम यांची पदवी दूरशिक्षणानें देण्यास आयोगाची परवानगी नाहीं. हात धरून शिकवावीं अशींच हीं कामें आहेत. मात्र मान्यता असलेली पदवी कॉलेजांत बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची आहे, हें आयोगानें २०२० च्या नियमांत नमूद केलें व २०२२ मध्यें पुन्हां जाहीर केलें. तेव्हां कोणी "घरबसली पदवी" म्हणून हिणवूं लागला तर मान खालीं घालूं नका.

भगिनींनो, बंधूंनो, शाळेच्या दारापर्यंत जाण्यास आपल्या वाडवडिलांस पिढ्या लागल्या. आतां विद्या स्वतः आपल्या दारीं आली आहे, ती परत जाऊं नये. आज घरीं गेल्यावर एवढेंच करा: ज्याची शाळा आपल्या संसारापायीं सुटली त्यास जवळ बोलवा आणि विचारा, "तुला कोणता तास देऊं?" इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.