दहा वर्षांच्या विजेचा हिशेब



वर्षाची ज्वारी, गहू, डाळ भरताना आपण आधी अंदाज घेतो. खाणारी तोंडं किती, घरात कार्य निघणार आहे का? कमी भरलं तर ऐनवेळी दुकानातून महाग आणावं लागतं. जास्त भरलं तर किडे लागतात आणि पैसाही अडकतो. वीज कंपनीलाही हाच हिशेब करावा लागतो. फरक इतकाच, की वीज धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही आणि तिचा हिशेब दहा-दहा वर्षांचा असतो.

तो चुकला तर काय होतं, हे आपण पाहिलं आहे. १९९३ साली तेव्हाच्या वीज मंडळानं दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाशी करार केला. ती वीज परवडेना, म्हणून २००१ मध्ये घेणंच थांबवलं. पुढे वीज कमी पडली आणि मराठवाड्यातल्या खेड्यांनी तासन् तास भारनियमन सोसलं. २०१३ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं.

२००५ मध्ये मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. आपल्याला वीज पुरवते ती महावितरण. तिची वीजखरेदी आणि दर यांना मंजुरी देतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. २०२२ च्या अखेरीस केंद्र सरकारनं नियम बदलले आणि २०२४ मध्ये आयोगानं त्याप्रमाणे विनियम केले. आता पुढच्या दहा वर्षांत कोणत्या वेळी किती वीज लागेल आणि ती कुठून आणणार, याचा आराखडा कंपनीला आयोगापुढे मांडावा लागतो.

यातले ‘कोणत्या वेळी’ हे दोन शब्द आपल्या कामाचे आहेत.

शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षं आळीपाळीनं आली, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला घरची माणसं दारं धरायला जातात. साप, विंचू, ओली वायर यांच्या धास्तीनं आम्ही घरी जाग्या असतो. जिला कुणी नाही, ती स्वतःच बॅटरी घेऊन रानात जाते. रात्रीच का? कोळशाची केंद्रं रोज रात्री बंद करता येत नाहीत आणि त्या वेळी इतरांची मागणी कमी असते. म्हणून उरलेली वीज पंपांना.

सौर विजेनं हे गणित उलटं केलं. आता भर दुपारी वीज मुबलक असते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये. शेजारच्या वैजापूर तालुक्यात धोंदलगावला ३ मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला. अशा प्रकल्पातून गावच्या पंपांना दिवसा वीज मिळते. रात्रीची जाग्रणं संपवणारी ही गोष्ट आम्हाला हवीच आहे.

पण दिवस मावळल्यावर काय? कोयनेसारखी जलविद्युत केंद्रं आहेत. घाटघरला मागणी कमी असताना पाणी वर चढवून ठेवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करतात. मोठ्या बॅटऱ्याही येत आहेत. या सगळ्याचा खर्च शेवटी बिलातच येतो.

म्हणून वेळेप्रमाणे दर आले. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांत वीज किमान २० टक्के स्वस्त आणि जास्त मागणीच्या वेळी महाग ठेवायची. शेतीला हा नियम नाही, घरांना आहे. जालन्याच्या पोलाद भट्ट्यांना त्यासाठी पाळ्या बदलता येतील. पण आम्ही काय बदलायचं? वीज स्वस्त असते तेव्हा आम्ही खुरपणीला, कापूस वेचणीला रानात. दळण, स्वयंपाक, पोरांचा अभ्यास हे सगळं दिवेलागणीलाच.

आराखड्यात युनिटं मोजली जातात. आमचे तास आम्हालाच मोजून द्यावे लागतील. बचत गटात महिनाभर एक वही ठेवू या. पंपाची वीज कधी आली, कधी गेली, गिरणी किती वाजता चालली, घरात कोणत्या वेळी वीज लागली, रोज एक ओळ. ती वही ग्रामसभेत वाचू, ठराव करून घेऊ. दरासाठी आयोग जाहीर सुनावणी घेतो, तिची सूचना वर्तमानपत्रात छापून येते. तेव्हा आपलं म्हणणं मराठीत लिहून, सह्या करून पाठवू.

दहा वर्षांनी आपल्या लेकी-सुना घर चालवत असतील. त्यांच्या संध्याकाळचा हिशेब आज लिहिला जातोय. त्यात आपलीही एक ओळ असू द्या.