चोरांचा फोन, पोलिसांचा कान

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा संपादित मजकूर)



पंचवीस वर्षांत आपण वॉचमनच्या वहीपासून कॅमेऱ्यापर्यंत आलो. म्हणून आज 'गुन्हेगार आणि यंत्रं' या विषयावर बोलणार आहे.

पोलीस लपून ऐकतात, हे गुन्हेगारांनाही ठाऊक असतं. त्यामुळे छुपा माइक ओळखणारी, पोलिसांचा वायरलेस पकडणारी यंत्रं ते बाजारातून मिळवतात. मोठ्या टोळ्या तर खास फोनच वापरतात. त्यातल्याच एका फोनची ही हकिकत.

मार्च २०१८मध्ये गुन्हेगारांना असे फोन पुरवणाऱ्या 'फँटम सिक्युअर' कंपनीवर एफबीआयने कारवाई केली. त्यानंतर याच धंद्यातला एक माणूस आपली शिक्षा कमी व्हावी म्हणून एफबीआयला मिळाला. त्याच्याकडे नवा फोन तयार होत होता, नाव 'अनॉम'. ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांच्या साथीने सुरुवातीला पन्नासेक फोन तिथल्या गुन्हेगारांत सोडले गेले.

या फोनवरून साधा कॉल लागत नसे, ई-मेल जात नसे. दिसायला नुसता कॅल्क्युलेटर! त्यात ठरलेले आकडे दाबले की आतली निरोपांची खिडकी उघडे. निरोप कुलूपबंदच जाई, पण प्रत्येकाची एक प्रत गुपचूप पोलिसांकडे पोचे.

आता गंमत पाहा. हा फोन दुकानात मिळत नसे, ओळखीच्या गुन्हेगाराकडूनच घ्यावा लागे. आपल्यातलाच माणूस देतोय म्हटल्यावर कोण कशाला तपासतो? हाकन आयिक नावाच्या फरारी ऑस्ट्रेलियन आरोपीने तर हे फोन साथीदारांत पसरवले. तो नकळत पोलिसांचंच काम करत होता!

८ जून २०२१ रोजी सगळं जाहीर झालं. शंभराहून जास्त देशांत सुमारे १२ हजार फोन, २ कोटी ७० लाख निरोप, ८००हून अधिक अटका. मला मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट: शंभराहून अधिक लोकांच्या जिवावरचे धोके वेळीच कळले.

पण दुसरी बाजूही आहे. गुन्हेगारांचं ऐकू शकणारं यंत्र कुणाचंही ऐकू शकतं. म्हणूनच अमेरिकेतल्या फोनांवरचे निरोप एफबीआयने वाचायचे नाहीत, असं बंधन होतं. पोलिसांनाही कायद्याची वेस हवीच.

मग आपलं काय? आपल्या गेटवरचा कॅमेरा कोण पाहतो? त्याचा पासवर्ड कंपनीकडून आला तोच आहे, की बदललाय? बसवून गेलेल्या माणसाकडे तो अजून आहे का? 'ओळखीचा आहे हो' हे उत्तर पुरेसं नाही. त्या टोळ्यांचंही तेच उत्तर होतं. पुढच्या सर्वसाधारण सभेत हे प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्या.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.