कारड गहाण तर जमीन गहाण
(वनजमीन दावेदारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मेळावा वनजमिनीच्या दाव्यांचा आणि ही पोरगी रेशनवर काय बोलते, असं कुणाला वाटेल. पण मी मुद्दाम रेशनवर आणि रोजगार हमीवरच बोलणार आहे. पोट रिकामं असलं की जमिनीची लढाई कुणालाच रेटत नाही.

आपलं कातकऱ्यांचं वर्ष कसं जातं ते बघा. आषाढ-श्रावणात घरातली नागली-वरी संपते. लावणी उरकली की हाताला काम नाही. अशा वेळी वीटभट्टीचा मुकादम वाडीवर येतो आणि बयाना देऊन जातो. तो बयाना आपण हौसेनं घेत नाही, भुकेपायी घेतो. मग दिवाळी झाली की पोराबाळांसकट भट्टीवर. परत यायचं ते पाऊस तोंडावर आल्यावर. त्या सहा महिन्यांत ग्रामसभा झाली तर आपला हात वर नाही. वनहक्क समिती पाहणीला आली तर जागा दाखवायला माणूस नाही. आपल्या प्लॉटवर कुणी चर खणला तर अडवणार कोण?

म्हणून पहिली गोष्ट रेशन. सुप्रीम कोर्टानं 2 मे 2003 ला आदेश दिला, की आदिम जमातीच्या प्रत्येक कुटुंबाला अंत्योदयचं कार्ड मिळालं पाहिजे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या आदिम जमाती आहेत. म्हणजे आपण त्यात आलो. अंत्योदयवर महिन्याला 35 किलो धान्य. 2022 पर्यंत गहू 2 रुपये किलो, तांदूळ 3 रुपये किलो होता. सगळा तांदूळच धरला तरी 105 रुपये व्हायचे. एवढं धान्य वेळेवर घरात आलं तर पावसाळ्यात मुकादमाला परत पाठवता येतं.

पण आपलं कार्ड कुठं आहे? कुणाचं दुकानदाराकडे पडलंय, कुणाचं सावकाराकडे दोनशे रुपयांत गहाण आहे. आमच्या वाडीतही हेच होतं. दुकानदार म्हणायचा, "तुमच्याकडे हरवतील, माझ्याकडे राहू द्या." मागच्या पावसात सगळ्या बाया एकदम दुकानावर गेल्या. एकेकटीला तो उद्या ये सांगायचा, सगळ्यांना बघून त्यानं कार्डं काढून दिली. कार्डं उघडून बघितली तर न उचललेलं धान्य उचललं म्हणून लिहिलेलं!

त्याच 2003 च्या आदेशात कोर्टानं स्पष्ट सांगितलंय. दुकानदारानं गरिबाचं कार्ड स्वतःकडे ठेवलं, खोटी नोंद केली, जादा भाव घेतला किंवा ठरलेल्या दिवसांत दुकान बंद ठेवलं, तर त्याचा परवाना रद्द झाला पाहिजे. एकदम पैसे नसतील तर धान्य हप्त्याहप्त्यानं घेता यावं, असंही कोर्टानं सांगितलं होतं. "सगळं उचला नाहीतर जा," असं तो म्हणू शकत नाही.

आता जमिनीकडे येते. वनहक्काच्या दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. 2008 च्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती यांच्याबरोबर रेशनकार्डही आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीचं कार्ड असेल तर ते सोन्यासारखं जपा. फाटलं असलं तरी टाकू नका. बदलायला देताना आधी झेरॉक्स काढा. जो माणूस कार्ड गहाण ठेवतो, तो आपल्या दाव्याचा पुरावाच गहाण ठेवतो.

दुसरी गोष्ट काम. पावसाळा रेशननं निभेल, पण दिवाळीनंतर काय? त्यासाठी रोजगार हमीचा कायदा आहे. 2005 च्या कायद्यानं एका कुटुंबाला वर्षाला 100 दिवस कामाची हमी दिली. जॉबकार्ड फुकट मिळतं. काम मागितल्यापासून 15 दिवसांत दिलं पाहिजे. नाही दिलं तर बेकार भत्ता, पहिले 30 दिवस मजुरीच्या निदान पाव आणि पुढं निदान निम्मा. काम गावापासून 5 किलोमीटरच्या बाहेर असेल तर मजुरी 10 टक्के जास्त.

पण हे सगळं एका कागदावर टिकून आहे. तो कागद म्हणजे पोच. तोंडी काम मागितलं तर ते मागितलंच नाही असं धरतात. नमुना 4 भरायचा, दोन प्रती करायच्या, एकीवर तारीख, सही, शिक्का घ्यायचा. 15 दिवस त्या तारखेपासून मोजतात. "साहेब नाहीत, उद्या या," म्हणाले तर तिथंच बसायचं. एकटा माणूस बसत नाही, वाडी बसते.

काही लोक म्हणतात, सरकार फुकट देतं, मग आदिवासी आळशी होतो. भट्टीवर पहाटे तीनला उठून माती तुडवणारा माणूस आळशी? आपण भीक मागत नाही. कायद्यानं आणि कोर्टानं जे आपलं ठरवलंय, तेवढंच मागतो.

तर आज घरी जाताना तीन कामं घेऊन जा. येत्या आठ दिवसांत प्रत्येक वाडीनं यादी करायची: कुणाचं कार्ड कुणाकडे आहे आणि कुणाला अंत्योदय मिळालेलं नाही. मग सगळ्यांनी मिळून कार्डं सोडवून आणायची, नसलेल्यांचे अर्ज तहसीलला द्यायचे. आणि दिवाळीच्या आधी अख्ख्या वाडीचा नमुना 4 एकाच दिवशी भरायचा. भाऊबीज झाल्यावर मुकादमाचा टेम्पो येईल. तेव्हा आपल्या हातात पोच असली पाहिजे आणि आपले पाय आपल्या दळीवर असले पाहिजेत.

जिंदाबाद!