जागल गावाची, निवाडा कायद्याचा

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



ज्वारी निसवली, कापूस फुटला, की आपल्या गावागावांत एक जुनाच विषय नव्याने निघतो. कोणाची विहिरीवरची मोटार गेली, कोणाची केबल कापून नेली, कोणाच्या गोठ्यातली बैलजोडी सुटली. डीपी फोडून तेल आणि तांब्याची तार नेली, तर नुकसान एकट्याचे होत नाही. त्या डीपीवरच्या सगळ्यांचे ओलीत थांबते. तारेची किंमत पंचनाम्यात लिहिली जाते. पाण्यावाचून गळालेल्या पात्या आणि बोंडे कुठल्याही पंचनाम्यात येत नाहीत.

मग पारावर ठरते, रात्रीची गस्त घालायची. ठरवणे बरोबर आहे. पण नेमके काय करायचे आणि काय करायचे नाही, हे न ठरवता पोरांच्या हातात काठ्या दिल्या, तर चोरीपेक्षा मोठे संकट गावावर येते. आज त्याबद्दलच बोलायचे आहे.

राखण आपल्याला नवी नाही. मचाणावर बसून, गोफण फिरवून आपण ज्वारी राखली. रानडुकरांसाठी रात्ररात्र जागलीला गेलो. पण गावाची जागल आपण सगळ्यांनी कधी वाटून घेतली होती का? नाही. ती महार, रामोशी अशा जातींच्या माथी मारलेली होती. गावाने झोपायचे, त्यांनी जागायचे, आणि चोरी झाली की पहिला जाब त्यांनाच द्यावा लागायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. तेव्हा आजच्या गस्तीचा पहिला नियम हाच, की पाळी प्रत्येक घराची. ज्याची मोटार आहे त्याने घरी झोपायचे आणि ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही त्याच्या पोराने रात्रभर फिरायचे, हे चालणार नाही.

दुसरी गोष्ट संशयाची. गुलाबी बोंडअळीसाठी आपण कामगंध सापळे लावतो. सापळ्यात एक पतंग दिसला म्हणून कोणी पंप पाठीवर घेत नाही. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आले, तर उपाय करायचा, असे आपणच एकमेकांना सांगतो. आधी पाहायचे, मोजायचे, मग ठरवायचे. पिकाच्या बाबतीत एवढे शहाणपण आणि माणसाच्या बाबतीत मात्र एक अनोळखी चेहरा दिसला की टोळी आली अशी आरोळी? हा कुठला न्याय?

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातले राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरलेली. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ती माणसे कोणाचे मूल पळवायला आली नव्हती. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० च्या रात्री दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना जमावाने मारले. तिथेही चोर आल्याच्या अफवा होत्या आणि लोक रात्रीचे पहारे देत होते. शंभरावर माणसांना अटक झाली. मेलेल्यांची घरे उघडी पडलीच. पण अटक झालेल्यांच्या शेतांत त्या वर्षी पेरणी कोणी केली असेल, याचाही विचार करा.

इंग्रजांनी १८७१ चा कायदा करून जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. कागदावरून तो गेला, पण आपल्या मनातून गेला का? गावाबाहेर पारध्याचे पाल दिसले की गस्तीची बॅटरी पहिल्यांदा तिकडेच का वळते? खरा चोर कधी आपल्याच ओळखीचा असतो, आणि चोरीचे तांबे विकत घेणारा कुठेतरी दुकान मांडून बसलेला असतो. त्याच्याकडे कोणाची बॅटरी वळत नाही.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडत असेल, तर साधा नागरिकही त्या माणसाला धरू शकतो. पण विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. नुसत्या संशयावरून धरता येत नाही. मारण्याचा अधिकार तर कोणालाच नाही. बेकायदेशीर जमावाने समान उद्देशाने गुन्हा केला, तर जमावातला प्रत्येक जण जबाबदार धरला जातो. काठी एकाने मारली आणि मी फक्त उभा होतो, हे कोर्टात सहज चालत नाही.

म्हणून आम्ही सांगतो, प्रत्येक गावाने ग्रामसभेत ठराव करून ग्रामसुरक्षा दल उभे करावे आणि एवढे नियम लिहून ठेवावेत.

एक, दलाची यादी पोलीस पाटील आणि पोलीस ठाण्याकडे द्यावी. पाळीची वही ठेवावी. दारू प्यालेला माणूस त्या रात्री गस्तीवर नको.

दोन, हातात बॅटरी आणि शिट्टी असावी. दलाचे काम पाहणे, गाव जागे करणे आणि ११२ ला फोन करणे. गाडीचा नंबर, वेळ, दिशा वहीत लिहावी.

तीन, अनोळखी माणूस भेटला तर त्याला बसवावे, पाणी द्यावे, नाव-गाव विचारावे, पोलीस पाटलाला बोलवावे. शंका राहिली तर पोलिसांना कळवावे. त्याच्या अंगाला हात लागणार नाही, ही जबाबदारी त्या रात्रीच्या पाळीची.

चार, मोबाईलवर आलेली बातमी ठाण्यात खातरी केल्याशिवाय कोणी पुढे पाठवू नये.

पाच, प्रत्येकाने आपल्या मोटारीवर खूण कोरावी, तिचा नंबर आणि पावती जपून ठेवावी. मोटार सापडली तरी ती आपलीच आहे, हे दाखवता आले पाहिजे.

सहा, चोरी झाली की गुन्हा नोंदवून घ्यावा. पहिल्या खबरीची प्रत फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. ठाणेदार नोंदवत नसेल तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे. एकटे जाऊ नका, दहा जण मिळून शांतपणे जा.

यावर कोणी म्हणेल, सगळे आपणच करायचे तर सरकार कशाला? प्रश्न रास्त आहे. गस्त घातली म्हणून पोलिसांची जबाबदारी संपत नाही. जिथे अजून ओलिताला रात्रीचीच वीज मिळते, तिथला शेतकरी अंधारात साप-विंचवातून एकटा फिरतो. दिवसा वीज द्या, ठाण्यांना पुरेशी माणसे द्या, चोरीचा माल घेणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा, या मागण्या आपण सोडणार नाही. गस्तीची वही हाच त्या मागण्यांचा पुरावा आहे. कोणत्या रात्री फोन केला, गाडी किती वाजता आली, हे लिहिलेले असेल, तर साहेबाला उत्तर द्यावेच लागेल.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. यादी करा, नियम वाचून दाखवा, सह्या घ्या. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना तुमच्या गावाची वही सोबत आणा.